पुणे महापालिकेची ऑनलाइन मिळकतकर सेवा

पुणे महानगरपालिकेच्या मिळकतकर संकेतस्थळाची मला सर्वाधिक भावलेली बाब म्हणजे थकबाकी पाहण्यासाठी कोणाच्याही टेबलासमोर उभे राहावे लागत नाही. जुन्या बिलावरील विभाग, पेठ आणि खाते क्रमांक भरला की देय रक्कम समोर येते, आणि यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने ती भरता येते. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या मालकांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

रक्कम भरण्यापूर्वी मात्र बिल बारकाईने वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीस ४० टक्के सवलत मिळते. ती बिलात दिसत नसेल, तर पीटी-३ अर्ज, म्हणजे या सवलतीसाठीचा महापालिकेचा विहित अर्ज, पुराव्यांसह देणे आवश्यक ठरते. मुदतीत संपूर्ण वर्षाचा कर भरल्यास सामान्य करात (मिळकतकराचा एक भाग) ५ किंवा १० टक्के सूट असते, तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते. म्हणून बिलाची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यांतच खाते तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मोकळ्या भूखंडावरही कर आकारला जातो, हे अनेक मालकांच्या ध्यानी राहत नाही.

पावती लगेच उतरवून घ्यावी. ती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे; मालकीसाठी खरेदीखत व मिळकत पत्रिकाच (प्रॉपर्टी कार्ड) पाहिली जाते.