कुंभाराची तीन जर्मन आडनावं आणि एक उत्तम कोश
जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या विज्ञान-साहित्य अकादमीचा जर्मन आडनावांचा डिजिटल कोश फुकट आहे, आणि धंद्यावरून पडलेल्या आडनावांसाठी फारच उपयोगी. कुंभारच घ्या: पूर्वेकडे ट्योप्फर, दक्षिणेत हाफ्नर, हेस राज्याच्या बाजूला ऑयलर. 'हाफेन' म्हणजे आज बंदर, म्हणून हाफ्नरला बंदरावरचा माणूस समजण्याची चूक सर्रास होते; दक्षिणेकडच्या बोलीत हाफेन म्हणजे मडकं. ऑयलरच्या मुळाशी लॅटिन 'ओल्ला', तेही मडकंच! नोंदीत व्युत्पत्तीसोबत प्रसाराचा नकाशाही मिळतो. मात्र नकाशातले आकडे २००५ च्या लँडलाइन जोडण्यांचे आहेत, माणसांचे नव्हेत. ट्योप्फर शोधताना 'ओ'वर दोन टिंबं आणि 'ओ-ई' अशी दोन्ही स्पेलिंगं घालून बघा, नाहीतर काही घराणी निसटतात.