बाबांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ लागत नव्हते, या दुकानातल्या दादांनी खरं कारण शोधून दिलं

रिव्ह्यू मोठा होणार आहे, पण ज्यांच्या आईबाबांकडे जुना कॉम्प्युटर आहे आणि स्वतः दुसऱ्या गावात राहतात त्यांनी वाचाच.

माझे बाबा नाशिकला, मी पुण्यात. बाबा 74 वर्षांचे, सकाळचा चहा झाला की यूट्यूबवर कीर्तन लावायचं हा त्यांचा नेम, मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर त्यांना बघवत नाही म्हणून कॉम्प्युटरच लागतो. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर आहे, जुना आहे पण त्यांचं काम त्याच्यावर नीट चालायचं. दिवाळीनंतर कटकट सुरू झाली. सकाळी काहीच उघडायचं नाही, कसंबसं उघडलं तर व्हिडिओ अडकत अडकत चालायचा, आवाज पुढे आणि बुवांचे ओठ मागे, आणि एका बातम्यांच्या साइटवर तर नुसता काळा चौकोन. मी फोनवरून विचारायचे, बाबा काय दिसतंय, तर म्हणायचे गोल गोल फिरतंय गं नुसतं. महिनाभर रोज हेच. शेवटी शेवटी म्हणायला लागले, जाऊ दे, मी पोथी वाचतो. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे काही न बघता विंडोज फॉरमॅट मारून दिलं, पैसे घेतले, आणि घरी आणल्यावर पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागलं. परत नेला तर म्हणे मशीन संपलं, नवीन घ्या. मग शेजारच्या काकूंनी या दुकानाचं सांगितलं आणि मी सुट्टी काढून स्वतः सीपीयू घेऊन गेले.

इथले दादा आधी प्रश्न विचारत होते, हे मला सगळ्यात आवडलं. सगळ्या साइटवर होतं का एकाच? सकाळी होतं का दिवसभर? रात्री बंद कसा करता? बाबा म्हणाले शटडाऊन करतो आणि मग भिंतीवरचं बटण पण बंद करतो. दादा लगेच म्हणाले, काका, मग सेल गेलाय. मदरबोर्डवर तो गोल बटणासारखा सेल असतो, सीआर 2032, मेन लाइट बंद असताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की सकाळी कॉम्प्युटरला वाटतं आज 2013 सालची 1 जानेवारी आहे, आणि प्रत्येक साइटच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ती तारीख असते, 2013 मध्ये ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही म्हणून ब्राउझर साइट उघडूच देत नाही. तुमचं घड्याळ मागे आहे असं स्क्रीनवर यायचं, बाबांनी मला ते वाचून पण दाखवलं होतं, आणि मी तारीख बदलायला सांगून फोन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच. सेल 50 रुपयांचा.

मग अडकण्याचं बघितलं. दादांनी यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं, त्यात किती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळतायत ते दिसतं, आमच्याकडे आकडा भराभर वाढत होता. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये दाखवलं की ग्राफिक्सच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर लिहिलंय, म्हणजे फॉरमॅट मारणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हरच (विंडोजला ग्राफिक्स चिप नीट वापरता यावी म्हणून टाकायचा प्रोग्राम) टाकला नव्हता!! त्यामुळे व्हिडिओ उलगडायचं सगळं काम एकट्या प्रोसेसरवर पडत होतं आणि पंखा घरघर करत होता. दादांनी इंटेलचा बरोबर ड्रायव्हर टाकला आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिस्टीममधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे द्यायचं, बटण चालू आहे ना ते तपासलं. (काही मशीनवर उलट असतं, जुन्या ड्रायव्हरमुळे चित्र हिरवं किंवा काळं येतं आणि तेच बटण बंद केलं की दिसायला लागतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं.)

तरी थोडं अडकत होतंच. त्याचं कारण मला अजिबात माहीत नव्हतं. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ व्हीपी 9 नाहीतर एव्ही 1 या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, पाठवतं, त्याला डेटा कमी लागतो पण ते उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या चौथ्या जनरेशनमध्ये पुरेसं नाही, व्हीपी 9 साठी सातवी लागते आणि एव्ही 1 साठी अकरावी. जुना एच 264 मात्र हे मशीन आरामात चालवतं. म्हणून दादांनी एच 264 इफाय नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं, ते यूट्यूबला सांगतं की मला एच 264 च दे. त्यात 1080 पी पर्यंतच मिळतं, पण बाबांचा मॉनिटर तेवढाही नाही त्यामुळे काही बिघडत नाही. परत स्टॅट्स उघडलं, गळलेल्या फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही, ओठ आणि आवाज बरोबर जुळले. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले ना, मला भरून आलं.

काळ्या चौकोनाचं पाच मिनिटांत झालं. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोत, तीच साइट उघडली तर व्हिडिओ चालला, कारण तिथे आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन बंद असतात, म्हणजे दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा. एकेक बंद करत गेले तर व्हिडिओ डाउनलोड करून देणारं कुठलं तरी निघालं, कोणी टाकलं बाबांनाही आठवेना. काढून टाकलं. तुमच्याकडे व्हिडिओ लागत नसेल तर पहिल्यांदा घड्याळ बघा आणि मग इन्कॉग्निटोत लावून बघा, दुकानात जायच्या आधी घरीच होण्यासारखं आहे हे.

एकूण 350 रुपये घेतले, सेल धरून. मी स्वतःहून विचारलं नवीन घेऊ का, तर म्हणाले विंडोज 10 चा फुकट सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि या प्रोसेसरवर 11 अधिकृतपणे येत नाही, म्हणून बँकेचं काम यावर करू नका, कीर्तनाला चालवा. विक्री समोर असताना असं सांगणारा माणूस मला तरी आधी भेटला नव्हता.

एक स्टार कापलाय. फोन उचलत नाहीत, तीन वेळा केला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि गल्ली इतकी अरुंद आहे की सीपीयू उचलून बरंच चालावं लागतं, वयस्कर माणसाला एकट्याला पाठवू नका. सोमवारी बंद असतं. दुपारी एक ते चार पण.