बिंदू चौकाजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि तिथं मिळालेली बाबेलची कादंबरी

कोल्हापुरात बिंदू चौकातून आत वळलं की हे छोटं दुकान लागतं, पाटी नाही, बाहेर दहावी-बारावीच्या गाईडांचा ढीग दिसला की तेच. तीन वर्षं जाते तिथं पण रिव्ह्यू आज लिहितेय ते एका पुस्तकामुळं. मागच्या महिन्यात मुलीचं बीजगणित शोधत होते तर काकांनी न विचारताच एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली, म्हणाले, "ताई हे न्या, कव्हर न्हाई पण आत लई भारी हाय, न्हाई आवडलं तर परत आणा." नव्वद रुपये. कव्हर नाही, नावाचं पान नाही, लेखक कोण ते कळायला मार्ग नाही. पहिल्याच ओळीत यरुशलेम, म्हणजे जेरुसलेम, जळतंय.

इ.स.पू. 586 ची गोष्ट. बाबेलचा (म्हणजे बॅबिलोनचा, आजच्या इराकातला) राजा नबुखद्नेस्सर यरुशलेम घेतो, यहुद्यांचं देऊळ जाळतो आणि लोकांना धरून बाबेलला नेतो (त्याआधी इ.स.पू. 597 ला पण एक खेप नेली होती, राजा यहोयाखीन त्यातच गेला). कादंबरीतला म्हातारा हा देवळात गाणारा माणूस. देऊळच राहिलं नाही तर गायचं कुठं, आणि परक्या मुलखात देवाचं गाणं गायचंच कसं, ह्या एका प्रश्नावर तो अख्खं पुस्तकभर अडून बसतो. बाबेलच्या नद्यांकाठी वीणा झाडाला टांगून रडणारे लोक बायबलातल्या स्तोत्रसंहितेत आहेतच, लेखकानं त्यातलाच एक माणूस उचललाय.

सुरवातीची शंभर पानं मला जड गेली, नुसत्या बेड्या, चाबूक, रडारड. पण ही माणसं बाबेलच्या मुलखातल्या खबार कालव्याकाठी वसतात आणि तिथून पुस्तक काय धरतंय म्हणता. कुणी जमीन कसतोय, कुणी खजुराचा खंड भरतोय, कुणी बार्ली उसनी आणतोय. आणि हे हवेतलं नाही, यहुद्यांचं गाव असंच नाव असलेल्या तिथल्या एका वस्तीच्या मातीच्या पाट्या खरंच सापडल्यात, इ.स.पू. 572 पासूनच्या, त्यात हेच सगळं, जमीन, कर्ज, सारा. यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच पोरांना तेलाचा शिधा दिल्याची नोंदसुद्धा बाबेलच्या उत्खननात मिळालीय. कादंबरीत तो शिधा आणायला जाणारा नोकर आहे, राजाचं तेल मापून घेताना त्याचा हात थरथरतो, तेवढं एकच पान मी तीनदा वाचलं.

आणि घरातली भांडणं. नातवाचं नाव ठेवायचं तर बाप म्हणतो बाबेलचं नाव ठेवू, पोराला कामधंदा मिळंल, म्हातारा दोन दिवस जेवत नाही. पुढं परत जाणाऱ्यांचा पुढारी जरुब्बाबेल, त्याच्या नावाचा अर्थसुद्धा बाबेलचं बी असा सांगतात, म्हणजे बघा. देऊळ नाही, यज्ञ नाही, मग उरलं काय तर शब्बाथ, यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस. सहाव्या दिवशी दुप्पट माती उपसायची आणि सातव्या दिवशी कुदळ भिंतीला टेकवून ठेवायची. हे वाचताना मला आपले कोकणातले बेने इस्राएली यहुदी आठवले, मराठी बोलणारे, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून शनवार तेली. देऊळ पडलं त्या तिथीच्या उपासाला ते बिरड्याचा सण म्हणायचे. हजारो वर्षांमागं कुठलं देऊळ पडलं आणि त्याची आठवण वालाच्या बिरड्यात!

मला सगळ्यात लागलं ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र. तो यरुशलेमहून बंदिवानांना कळवतो की तिथं घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हातारा ते ऐकून उठून जातो. माझ्या आज्जीचं गाव काळम्मावाडी धरणात गेलं. नव्या वसाहतीत तिनं किती वर्षं अंगणात झाड लावू दिलं नाही, म्हणायची झाड लावलं की आपण हितलं झालो. येताना गावच्या देवाचा एक दगड ओच्यात घालून आणलेला, तो दुरडीत ठेवून रोज पाणी घालायची. लहानपणी आम्हाला तो हट्ट वाटायचा.

पुस्तकात एक चूक आहे ती सांगायलाच पाहिजे. एका प्रकरणात ही माणसं हनुक्का ह्या यहुदी सणाचे दिवे लावतात, तो सण इ.स.पू. 164 नंतरचा, म्हणजे चारशे वर्षं पुढचा. एवढं शोधून लिहिणाऱ्याकडून हे व्हायला नको होतं. बायबलातला सिंहाच्या गुहेत टाकलेला दानीएल पण उगाच घातलाय, त्याची गरज नव्हती.

आता दुकानाबद्दल. किमती योग्य, काका स्वतः वाचतात म्हणून त्यांना विचारलेलं बरं. पावसाळ्यात मागच्या फळीवरच्या पुस्तकांना ओल लागते, घेताना पानं उलटून बघा. मी बघितली नाहीत. माझ्या प्रतीतली शेवटची पाच-सहा पानं गेलीत. इ.स.पू. 539 ला इराणचा राजा कोरेश बाबेल घेतो, घरी जायची परवानगी मिळते, सून भांडी बांधायला लागते, म्हातारा कालव्यावर एकटाच उभा आहे आणि तिथंच तुटतं. पुष्कळ यहुदी बाबेललाच राहिले हे मला माहितीय, पण हा गेला का नाही? काका म्हणाले दुसरी प्रत आली तर ठेवतो. तवर कोल्हापुरात कुणाकडं ही कादंबरी पूर्ण असंल, वर्णनावरून ओळखू आली असंल, तर मला फक्त नाव सांगा आणि तो परत गेला का तेवढं सांगा.