पायथन शिकताय? पायलिंट, फ्लेक-एट की रफ

कोड रन न करताच त्यातल्या चुका दाखवणारी ही तीन टूल्स (लिंटर), यातलं शिकताना कुठलं घ्यायचं, हा प्रश्न ज्युनियर पोरं सारखा विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. तिन्ही फुकट आहेत, व्हीएस कोडमधे चालतात, पिपने इन्स्टॉल होतात, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी तिन्ही वापरलेत, ऑफिसच्या कामाला तर आजही रफच.

फ्लेक-एट वाईट नाही. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं, इम्पोर्ट करून वापरलंच नाही, हे तो पकडतो, पण ओळ ७९ अक्षरांच्या वर गेली, फंक्शनआधी दोन ओळी रिकाम्या सोडल्या नाहीत, हेपण त्याच यादीत त्याच आवाजात सांगतो. नवीन माणसाला त्यातलं आधी काय बघायचं ते समजत नाही.

रफ २०२२ मधे आलं, रस्ट या भाषेत लिहिलंय, प्रचंड फास्ट आहे, पण चाळीस ओळींच्या प्रोग्रामला त्या स्पीडचा काय उपयोग? त्यापेक्षा मला आवडतं ते असं की 'रफ रूल' लिहून पुढे नियमाचा कोड दिला की तो नियम का आहे ते उदाहरणासकट वाचायला मिळतं, शिकणाऱ्याला हे खरंच छान आहे.

पण एका गोष्टीवर मी अडलो. समजा पोराने एरिया काढायचं फंक्शन लिहिलं, लांबी आणि रुंदी असे दोन पॅरामीटर, आणि कॉल करताना एकच दिला. किंवा लिस्टवर ॲपेंडच्या जागी ॲड लिहिलं, सेट नुकताच शिकलाय आणि सेटमधे ॲडच लिहायचं असतं, त्यामुळे होतंच असं. रफ म्हणतं 'ऑल चेक्स पास्ड'. मग तो रन करतो, एरर येतो, आणि मला विचारतो, दादा टूल तर सगळं बरोबर म्हणालं ना? त्याचा टूलवरचा नाही, स्वतःच्या समजण्यावरचाच विश्वास उडतो आणि ते मला फार लागतं. रफला दोष देता येणार नाही, ते टाइप चेकर, म्हणजे कुठल्या व्हेरिएबलमधे कसला डेटा आहे ते तपासणारं टूल, नाहीच, सोबत एखादा वापरा असं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलंय. पण ज्याला टाइप म्हणजे काय हेच अजून शिकायचंय त्याला आणखी एक टूल कुठे लावायला सांगणार.

पायलिंट २००३ पासूनचं, त्यामानाने स्लो. पण ते कोड वाचून व्हेरिएबलमधे लिस्ट आहे की स्ट्रिंग याचा अंदाज बांधतं, त्यामुळे वरच्या दोन्ही चुका रन करायच्या आधी सापडतात आणि कुठलं आर्ग्युमेंट राहिलं तेही नावानिशी सांगतं. अंदाज कधीकधी चुकतोही, ओपनसीव्ही ही इमेजवर काम करायची लायब्ररी वापरलीत तर नसलेल्या चुका दिसू शकतात.

त्याचा त्रास म्हणजे किरकिर. डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारी नोंद) नाही, नाव नीट नाही, वर १० पैकी मार्क. मी पोरांना कन्व्हेन्शन (लिहिण्याची पद्धत) आणि रिफॅक्टर (कोडची मांडणी सुधारायच्या सूचना), म्हणजे सी आणि आर, हे मेसेजचे दोन गट सुरुवातीला बंद करायला लावतो आणि स्कोअरही. मग उरतात फक्त एरर आणि वॉर्निंग, आणि मेसेज दिसला की तो वाचायचाच ही सवय लागते.

तुम्ही आधीच दुसऱ्या भाषेत कोड लिहीत असाल तर रफ घ्या, माझी हरकत नाही. पहिलीच भाषा असेल तर मी तरी पायलिंट म्हणेन, निदान पहिला मिनी प्रोजेक्ट होईपर्यंत. मग आधी सी गट परत चालू करा, आर नंतर केला तरी चालतो.