मेंढीला जुळी होणारी पावडर घेऊ नका, निपाणी-चिकोडी भागातल्यांनी सावध रहा

मृग जवळ आलाय म्हणून लिहितोय. आपल्या भागात एकजण मोटारसायकलवरनं वाड्यावस्त्यांवर फिरायलाय, मेंढीला जुळी कोकरं होणारी पावडर विकतोय. मराठीत बोललं तर मराठी, नाहीतर कन्नड, दोन्ही फाडफाड.

आमच्या वस्तीवर गेल्या साली आला तो बरोब्बर पहिला पाऊस पडून गेल्यावर, आणि सगळी गोम त्यातच हाय बगा. उन्हाळाभर मेंढरं वाळका कडबा नि बाभळीच्या शेंगा खाऊन हडकलेली असतात, पाऊस झाला की बांधाला कवळं गवत येतं, दोन-तीन आठवडे ते पोटात गेलं की मेंढी अंग धरते, माजावर येते, आणि एकापेक्षा जास्त बीजं सुटायची शक्यता पण वाढते, डॉक्टर लोक याला फ्लशिंग म्हणतात. म्हणजे काम गवताचं आणि नाव पावडरचं! मेंढ्या नराजवळ घुटमळायला लागल्या तसा आमचा थोरला म्हणाला औषध गुणाचं हाय, अजून चार पाकिटं घेऊया.

पाकिटावर पांढऱ्याशुभ्र लोकरीच्या परदेशी मेंढराचा फोटो. कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आत काय काय हाय ते पण नाही. मेथीचा वास यायचा, पाण्यात टाकली तर कोंडा वर तरंगायचा नि तळाला खडूसारखा गाळ. बिल मागितलं तर म्हणे, अण्णा विश्वासावर चाललंय सगळं. जुळी नाही झाली तर पैसे परत, असं वहीच्या पानावर सही करून दिलं. मेंढी फळल्यावर विते पाच महिन्यांनी, तवर फोन बंद.

पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. पावडर चालू असताना भरडा-पेंड देऊ नका, मेंढी चरबी धरते म्हणाला. कोकरू पोटात सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात, तेव्हाच खुराक बंद. कोकरं मुठीएवढी, आयांना दूध नाही, काही तर उभीच राहिली नाहीत. जुळी झाली ती एका म्हातारीला, आणि तिला दरवेळी होतातच.

तालुक्याच्या पशुदवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं, नर सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोपर्यंत मक्याचा भरडा द्या, पण थोडा थोडा वाढवत, एकदम घातला तर पोट बिघडून मेंढी जाते. आधीच जाडजूड असलेल्या मेंढीला याचा फारसा उपयोग नाही. आपली दख्खनी मुळात एकच कोकरू देणारी. जुळ्याचं रक्तातच असावं लागतं, फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीचा तो गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी तयार केली ती काय पाकिटातनं नव्हं. आणि हो, गाई-म्हशीचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालू नका, त्यातलं तांबं तिला सोसत नाही, साठत जातं, मग डोळे पिवळे, लघवी काळपट लाल आणि खेळ खलास.

परवा तो रायबागकडं दिसला म्हणे, पाकिटाचा रंग बदललाय, आता शेळीला पण चालतंय म्हणतोय. दारात आला तर गाडीचा नंबर टिपा, पाकिटाचा फोटो काढा आणि सरळ पोलीस स्टेशनला कळवा, आम्ही कागद घेऊन यायला तयार हाय.