डिगॉक्सिन की मेटोप्रोलॉल? आधी बाकीच्या गोळ्यांची यादी काढा

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात नाडी अनियमित होते आणि बऱ्याचदा फार जलद चालते. तिचा वेग आवरायला डॉक्टर मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर (हृदयावरचा अॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारं औषध) देतात किंवा डिगॉक्सिन. डिगॉक्सिन वनस्पतीपासून मिळतं म्हटल्यावर अनेकांना तेच सौम्य वाटतं. हा समज मला खरोखर धोक्याचा वाटतो. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचे गुण लिहिले, तेव्हाच मात्रा जास्त झाली की उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात आणि नाडी फार मंदावते, हेही नोंदवलं होतं. आजचं डिगॉक्सिन त्याच कुळातल्या डिजिटॅलिस लॅनाटापासून काढतात, आणि गुण देणारी मात्रा व विषारी मात्रा यांतलं अंतर आजही तेवढंच कमी आहे.

चालता-फिरताना, जिना चढताना धडधड होत असेल तर मेटोप्रोलॉल सरस. डिगॉक्सिन मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमार्फत वेग कमी करतं, त्यामुळे विश्रांतीत गुण दिसतो, श्रमात कमी पडतो. उलट रक्तदाब मुळातच कमी असेल तर डिगॉक्सिन सोयीचं, कारण ते दाब उतरवत नाही. दमा असणाऱ्यांनी बीटा-ब्लॉकरबाबत जपून राहावं. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांनीही, कारण साखर घसरल्याची धडधड त्यात जाणवत नाही.

खरा फरक इतर औषधांशी जमण्या-न जमण्यात आहे. डिगॉक्सिन बहुतांशी मूत्रपिंडातून बाहेर पडतं. अमिओडॅरोन, व्हेरापॅमिल ही हृदयाची औषधं किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ही वाट अडवतात आणि रक्तातली पातळी वाढते. अमिओडॅरोन सुरू करताना डिगॉक्सिनची मात्रा साधारण निम्मी करतात ती यासाठीच. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन उलट पातळी खाली आणतं. फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पोटॅशियम घटतं आणि मग रक्तात डिगॉक्सिन मोजकंच असूनही हृदयाला ते विषासारखं भोवू शकतं. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तरी पोटॅशियम घटतं. म्हणून डॉक्टरांना यादी देताना काढे-चूर्णं वगळू नका.

मेटोप्रोलॉलची यादी छोटी आहे, पण आहे. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या यकृतातलं त्याचं विघटन रोखतात. व्हेरापॅमिल जोडीला आलं तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते. मेटोप्रोलॉल एकाएकी बंद करणंही वाईट.

मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा औषधं सारखी बदलत असतील, तर मी डॉक्टरांना आधी मेटोप्रोलॉलबद्दल विचारेन. पण वय झालं म्हणून डिगॉक्सिन बादच, असंही नाही. 2020 च्या रेट-एएफ चाचणीत 60 वर्षांवरच्या 160 रुग्णांत कमी मात्रेचं डिगॉक्सिन आणि बिसोप्रोलॉल या दुसऱ्या बीटा-ब्लॉकरची तुलना झाली. सहा महिन्यांनी जीवनमानात ठळक फरक नव्हता आणि दुष्परिणाम डिगॉक्सिन गटात कमी होते. काहींना दोन्ही मिळून लागतात.

डिगॉक्सिन ठरलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम वेळोवेळी तपासा. डिगॉक्सिनच्या पातळीसाठी रक्त द्यायचं ते गोळीनंतर किमान सहा तासांनी, नाहीतर आकडा उगाच मोठा येतो. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर पोट बिघडलंय म्हणून घरी थांबू नका. उलट्या हे विषबाधेचं लक्षण असू शकतं, आणि अंगातलं पाणी व पोटॅशियम गेल्याने विषबाधा ओढवूही शकते. त्याच दिवशी, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.