काटा चढतोय, टाकी रिकामी होतेय: एलएस-थ्रीवाली 1969 ची कॅमॅरो, आठ महिन्यांनंतर

काटा 'फुल'च्या पलीकडे टेकलेला आणि गाडी हायवेच्या कडेला बंद. शेव्हरलेच्या या जुन्या गाडीत 430 अश्वशक्तीचं 6.2 लिटरचं नवं एलएस-थ्री इंजिन, ट्रेमेकचा टी-56 मॅग्नम गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आरशासारखा रंग, आणि टाकीत पेट्रोल नाही.

कॅमॅरोचा मूळ पेट्रोल मीटर 0 ते 90 ओहमचा (ओहम हे विद्युतरोधाचं एकक). 0 म्हणजे रिकामी, 90 म्हणजे भरलेली. गाडी बांधणाऱ्या गॅरेजने फ्युएल इंजेक्शनसाठी नवी टाकी घातली, पण तिच्यात सेंडर (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) टाकला 240 ते 33 ओहमचा, जो बाजारातल्या सुट्या मीटरांना चालतो. तो उलटा. टाकी काठोकाठ भरली की 33 ओहम, म्हणजे काटा अर्ध्याच्याही खाली. पेट्रोल जळेल तसा काटा चढतो, साधारण पाच गॅलन गेले की 'फुल'ला पोचतो आणि मग तिथून हलत नाही. विचारलं तर उत्तर काय, "जुना मीटर आहे, असाच चालतो." रंगावर हजारो डॉलर उडवणाऱ्यांना पन्नासेक डॉलरचा योग्य सेंडर जड झाला!

तपासणी पाच मिनिटांची. पेट्रोलचा वास येत नाही ना, ते आधी बघा. इग्निशन चालू करून टाकीजवळची सेंडरची फिकट तपकिरी वायर काढा. मोकळी असताना काटा 'फुल'च्या पुढे जायला हवा, बॉडीला टेकवली की 'ई'वर, म्हणजे रिकाम्यावर, यायला हवा. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष मागे टाकीकडे. मग मल्टिमीटर थेट सेंडरला. सेंडरची अर्थिंगची वायरही बघून घ्या: ती बॉडीच्या रंगावरच आवळलेली असेल तर तिथला रोध मिळून काटा जास्त दाखवतो. पत्रा खरवडून घ्या.

टाकी उतरवायचा कंटाळा म्हणून ओहमचं गणित जुळवून देणारी डबी लावली. काटा खरं बोलू लागला. तोपर्यंत माझं मत 'टाकी उत्तम, सेंडर तेवढा चुकला' असं होतं. ते मागे घेतो.

कारण पातळी खरी दिसायला लागल्यावर लक्षात आलं, की पाव टाकीच्या खाली, रॅम्पच्या लांब वळणावर इंजिन गचके खातं. एलएस-थ्रीला पेट्रोलचा सतत 58 पीएसआय दाब लागतो. ही टाकी रुंद आणि चपटी, आत आडवे पत्रे नाहीत, पंपाभोवती कटोरा नाही. वळणात पेट्रोल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो. कार्ब्युरेटरमध्ये हे लगेच जाणवत नसे, कारण त्याच्या वाटीत पेट्रोलचे घोट-दोन घोट शिल्लक असायचे. इंजेक्शनला ती चैन नाही. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला की त्याचं आयुष्य घटतं.

म्हणजे टाकी उतरवणं आलंच. डबीचे पैसे पाण्यात.

बॅटरी काढा, टाकी जवळपास रिकामी करा (पाच गॅलनचेही तीस पौंड होतात), जॅकवर फळी ठेवून खालून आधार द्या, मग दोन पट्टे सोडा. फिलरचं तोंड नंबरप्लेटमागे आहे, ते आधी मोकळं करा. सेंडरची लॉक रिंग पितळी ड्रिफ्टनेच (ठोकायच्या दांड्यानेच) ठोका. स्टीलने ठिणगी उडू शकते. सीलची ओ-रिंग नवीच घाला. आत हायड्रामॅट नावाची चटई बसवली. ती पेट्रोल धरून ठेवते आणि पंपाचं तोंड उघडं पडू देत नाही. 0-90 चा सेंडरही त्याच फेरीत. तेव्हापासून त्याच रॅम्पवर दोन गॅलन उरले तरी गचका नाही.

बाकी गाडीबद्दल तक्रार करवत नाही. 3.73 चा मागचा एक्सल, 275/40 आर 18 टायर आणि 0.63 चा सहावा गिअर, त्यामुळे ताशी 70 मैलांना इंजिन जेमतेम 2,070 आरपीएमवर फिरतं. जुन्या चार गिअरच्या बॉक्सवर हेच 3,300 झालं असतं आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं असतं. हेडरची (इंजिनच्या एक्झॉस्ट नळ्यांची) धग मात्र पायाशी येते, कार्पेटखाली उष्णतारोधक थर हवाच. इंजिनच्या हेडमधली वाफेची नळी रेडिएटरला वरच्या बाजूने जोडली आहे ना, ते घेतानाच बघा. नाहीतर हवा अडकून तापमान उगाच उड्या मारतं.

डबी कपाटात पडून आहे. कुणाकडे मूळ मीटर आणि 240-33 चा सेंडर अशी जोडी असेल तर कळवा. टपालखर्च तुमचा.